दगडाखालची बिऱ्हाडं

कुंभेरीच्या राखीव सड्यावरच्या पाली गेल्या कुठे? (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ.) वणवा लागला नव्हता, कुणी विषही टाकलं नव्हतं. तरी गेल्या उन्हाळ्यात जागोजागी दिसणारी खडकपाल यंदा औषधालाही सापडेना. शिवाय ही जात दुसऱ्या कुठल्याच डोंगरावर नव्हती.

पालींचा अभ्यास करणारी शर्वाणीआत्या त्यामुळे चिडून होती. तिची भाची मैथिली गुपचूप मागून चालत होती. पुढे तुरतुऱ्या, सहा पायांचा यंत्रमानव. त्याला उष्णता दिसायची.

सडा सहलींना खुला झाल्यापासून तिथे दगडांच्या उतरंडी उभ्या राहिल्या होत्या. देवाच्या वाटेवर लोक दगडावर दगड रचून स्वतःचं घर मागतात ना, तीच हौस इथेही! मैथिलीनेही पाडव्याच्या सुट्टीत एक रचली होती. तिचं गाव धरणात गेलं होतं, आईबाबा अजून पत्र्याच्या खोलीत राहत होते. तिने अगदी मनापासून घर मागितलं होतं.

"उघडा कातळ अठ्ठावन्न अंश," तुरतुऱ्या म्हणाला. मग जागेवरच असलेल्या एका दगडाखाली त्याने तापमान मोजायची तार सरकवली. "इथे चौतीस."

"एवढा फरक?" मैथिली थबकली.

"दगड सावली धरतो, खालची ओल उडू देत नाही," आत्या म्हणाली. "याला सूक्ष्म अधिवास म्हणतात (एवढ्याशा जागेतलं वेगळं हवामान). पाल रात्री किडे खाते आणि दिवसभर तिथे लपते. अंडीही दगडाच्या पोटालाच चिकटवते."

"आणि दगड उतरंडीवर चढवला तर?"

"मग चारी बाजूंनी ऊन आणि वारा. पाल भाजून मरते."

मैथिली धावत आपल्या उतरंडीकडे गेली. वरचा दगड तिने उलटा केला. दोन पांढरी अंडी चिकटलेली होती, सुकून चपटी झालेली. तिला रडू आवरेना. "आत्या, ही मी रचली होती. मला घर हवं होतं गं."

आत्या तिला रागावली नाही, पण "असू दे" असंही म्हणाली नाही. तिने तुरतुऱ्याला जवळ बोलावलं.

तुरतुऱ्याकडे गेल्या वर्षीची छायाचित्रं होती. त्याने प्रत्येक दगडाची जागा दाखवली. दगडफूल उगवलेली बाजू वर ठेवून मैथिली एकेक दगड परत लावत गेली. हात पोळले तरी थांबली नाही.

संध्याकाळी एक कुटुंब सड्यावर आलं. त्यांच्यातल्या आजींनी वाकून दगड उचलला.

"आजी, तो नका ना उचलू," मैथिली म्हणाली. "ते कुणाचं तरी घर आहे."

आजींनी दगड हळूच होता तसा ठेवला. मैथिलीने लावलेल्या एका दगडाखाली तुरतुऱ्याने तार सरकवली. "एकोणचाळीस. उतरतंय."

पाल मात्र आलेली नव्हती. मैथिली तिथून जरा दूर बसली आणि अंधार पडायची वाट बघू लागली.