आवाज न करणारा पंप

कस्तुरा रिकामी कळशी कमरेवर घेऊन पंपघरात शिरली ती भांडायच्या तयारीनंच. पहिल्या पाळीची वेळ होत आली होती, कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन उभी राहणार होती, आणि पंपाचा अजून पत्ता नव्हता.

आत तिचे वडील नव्हते. वसाहतीचा पंप चालवणारे कोंडीराम म्हणजे तिचे वडील. पण त्यांच्या स्टुलावर आज कुणी भलताच तरुण बसला होता. समोर कपाटाएवढं करडं नवं पॅनेल, आणि स्वारी त्यातल्या काट्याकडे टक लावून बघत होती.

"पंप कधी चालू करणार?"

"चालू आहे."

"मी काय बहिरी आहे?"

त्यानं वर पाहिलं. डोळे जागरणानं तांबरलेले, गालाला ग्रीसचा डाग, आणि त्या अवतारातही हसू मात्र... नको तितकं छान. "बहिऱ्या नाही. पण विश्वास बसत नसेल तर इथं हात ठेवा."

तिनं ठेवला. जाड लोखंडी पाइप गार होता आणि आतून बारीक थरथरत होता. पाणी खरंच वाहत होतं! हात काढायला तिला जरा उशीरच झाला; तो ते बघतोय हे लक्षात येताच तिनं तो झटकन मागं घेतला.

"मग आवाज कुठं गेला?"

"तो मी घालवला," तो छाती फुगवून म्हणाला.

"अगं बाई! आता मार खाणार तुम्ही."

कारण चिखली रस्त्यावरच्या त्या कामगार वसाहतीत घरोघरी घड्याळं होती, पण लोक उठायचे ते पंपाच्या गडगडाटानं. कोंडीराम हँडल ओढायचे, भिंती हादरायच्या, आणि बायका अर्धवट झोपेत कळशा उचलायच्या. आज पंप गुमान चालला. नळाचं पाणी मोरीत वाहून गेलं, निम्मी वसाहत झोपून राहिली, आणि बस अर्धी रिकामीच निघून गेली. पंपाच्या आवाजाची वाट बघत बसलेल्या कस्तुराचीही बस चुकली. पिंपरीच्या एका कारखान्यात ती कॉइल गुंडाळायच्या कामाला होती आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती.

वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष बबनराव तर दाढीला लावलेल्या साबणासकट धावत आले. "ओ साहेब, पंप बसवलाय का तसबीर?"

साहेबाचं नाव भीमराज. साल एक्क्याऐंशी. पंपाचा वेग हवा तसा कमीजास्त करणारं ड्राइव्ह पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं बनवलं होतं, आणि ते बसवायला त्याला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं होतं. बबनरावांनी त्याला महिन्याची मुदत दिली. पटलं तर ठेवू, नाहीतर जुना हँडलचा स्टार्टर परत. कंपनीनंही बजावून ठेवलं होतं – यंत्र परत आलं तर तू परत येऊ नकोस.

दुसऱ्या दिवसापासून कस्तुरा पहाटे गल्लीगल्लीतून "पाणी आलंय हो!" असं ओरडत फिरू लागली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

"माझ्या मशीनला तुमचा आवाज मिळाला," भीमराज म्हणाला. "जुन्यापेक्षा बरा आहे."

"जुन्यापेक्षा बरा? एवढंच?"

"जास्त बोललो तर मशीनचं सेटिंग चुकतं माझं."

कोंडीराम मात्र धुमसत होते. भीमराजनं आल्या आल्या वाकून "जय भीम, काका" म्हटलं होतं, आणि जय भीमला उत्तर न देणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून तेवढं दिलं. पुढं सगळं "साहेब, साहेब" म्हणून टोचणं. बरोबरच होतं म्हणा. इतकी वर्षं सगळी वसाहत त्यांच्या हातानं उठत होती, आणि आता ते नुसते एका बटणाचे राखणदार उरले होते.

एका रविवारी ती वडिलांची भाकरी घेऊन आली. ते बाहेर व्हॉल्व्हपाशी होते, आत भीमराज एकटाच.

"जुन्या पंपाचं काय वाईट चाललं होतं?" तिनं विचारलं.

"सायकलला जिवाच्या आकांतानं पॅडल मारायचं आणि वर ब्रेक दाबून धरायचा, तसं चाललं होतं. पंप पूर्ण जोरात, आणि पाइप फुटू नये म्हणून काका व्हॉल्व्ह निम्मा बंद ठेवणार. वीज फुकट जाणार. आता लागेल तेवढाच वेग."

"म्हणजे गरजेपुरताच धावतो. आळशी आहे."

"शहाणा आहे."

"तुमच्यासारखा?"

"मी कसला शहाणा! मी गरज नसतानाही येतो. आज... आज माझी सुट्टी आहे."

कस्तुरानं मान खाली घातली. वडिलांच्या भाकरीवर चटणी जरा जास्तच पडली.

"महिना संपू दे," तो हळूच म्हणाला. "मशीन राहिलं, तर काकांशी बोलायचंय."

"मशीनबद्दल?"

"नाही."

ती तिथून जवळजवळ पळालीच, आणि दिवसभर तिला कशाचंच भान राहिलं नाही.

पण मे महिना वैरी निघाला. विहीर तळाला गेली. पाण्याऐवजी हवा ओढत कोरडा फिरला तर पंप जळतो, म्हणून तशी वेळ आली की पॅनेल स्वतःच तो बंद करायचं आणि लाल दिवा लावायचं. नळावर उभ्या बायकांना दिवा दिसत नव्हता, रिकामी कळशी दिसत होती. निम्मे नळ आळीपाळीनं बंद ठेवा, अशी भीमराजनं दारोदार विनवणी केली. परक्या पोराचं ऐकतो कोण? "जुना पंप कधी असा रुसला नव्हता," असं लोक उघड बोलू लागले. भीमराजचा चेहरा उतरत चालला आणि कस्तुराचं जेवण.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी वसाहतीतल्या सोजरबाईच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात पाणी कमी पडायला नको, म्हणून भीमराज बबनरावांना घेऊन सकाळीच भोसरीला टँकर बघायला गेला.

कस्तुरा लग्नाला निघाली होती. अंगावर हिरवी साडी, केसांत अबोली. पंपघरावरून जाताना ती थबकली. आतून खडखड येत होती, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी. तिनं दार ढकललं. कुणी नव्हतं. जळल्याचा वास... पंप गरागरा फिरत होता आणि लाल दिवा विझलेला होता. पॅनेलचं दार उघडं, आणि आत दोन टोकांवर तांब्याची तार आडवी टाकलेली. पंपाला वाचवणारी सगळी सोय त्या तारेनं मुकी केली होती.

तार कुणाची, हे तिला विचारावं लागलं नाही. घरच्या इस्त्रीला बाबांनी ह्याच तारेचा तुकडा बांधला होता.

तिनं लाल बटण दाबलं. पंप थांबला, आणि तिच्या छातीत मात्र धडधड सुरू झाली. तार काढून टाकली तर आज पंप बंद पडला म्हणून लोक मशीन उखडतील. खरं सांगितलं तर बाबांची नोकरी जाईल. एवढ्यात पाणी गेलं म्हणून मांडवातली माणसं धावत आली. पुढं कोंडीराम, आणि मागून टँकर न मिळता हात हलवत परतलेले भीमराज आणि बबनराव.

"बघा!" बबनराव कडाडले. "ऐन लग्नात दगा दिला ह्या डबड्यानं!"

भीमराज पॅनेलपाशी गेला. त्यानं तार पाहिली. मग कोंडीरामांचा चेहरा पाहिला, काळाठिक्कर पडलेला. त्यानं सगळ्यांकडे पाठ केली, तार काढली आणि खिशात टाकली.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "सेटिंग चुकलं. उद्या पॅनेल उतरवून नेतो."

कस्तुराला वाटलं, आता रडू फुटणार. हा वेडा माणूस तिच्या बापाची अब्रू राखायला स्वतःची नोकरी सोडत होता, आणि तिलाही. आणि ती काय, केसांत अबोली माळून बघत उभी राहणार?

"खोटं बोलताहेत ते," ती म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. "तार बाबांनी टाकली. सोजरमावशीच्या घरच्या लग्नाला पाणी कमी पडू नये म्हणून टाकली. पंप कोरडा फिरत होता. बंद मी केला."

कोंडीरामांनी लेकीकडे पाहिलं... आणि नजर पायांकडे वळवली.

"पोरगी खरं बोलती," ते म्हणाले. "माझीच करणी हाय."

"मग कोंडीराम, उद्यापासून तुम्ही—"

"काकांना काढलंत तर मी मशीन ठेवणार नाही," भीमराजनं बबनरावांना मधेच अडवलं. "पंप शाबूत आहे, वेळेवर बंद झाला. विहिरीला झरा आहे, तो जेवढं देतो तेवढंच उचलायचं. वेग एकदम खाली आणतो, मग पंप बंद पडणार नाही. पण जोर राहणार नाही. मांडवाची लाइन सोडून बाकी सगळ्या चाळींचे व्हॉल्व्ह बंद करावे लागतील. माझ्यानं ते होत नाही, लोक भांडतात."

कोंडीरामांनी कोपऱ्यातली व्हॉल्व्हची लांब किल्ली खांद्यावर टाकली. "माझ्याशी कोन भांडतंय बघतो."

विहिरीत थोडं पाणी साठू दिलं, आणि मग पंप हळूहळू फिरू लागला. काटा खाली, फार खाली; पण थांबेना. थोड्याच वेळात मांडवाकडून कुणीतरी ओरडलं – आलं! बारीक आहे, पण आलं! "राहू दे मशीन, आणि कोंडीरामही," असं पुटपुटत बबनराव टोपी नीट करत तिकडे गेले. दोघंच उरली.

"कशाला बोललात?" भीमराज म्हणाला. "वडील आहेत."

"आणि तुम्ही कोण आहात माझे, ते नाही विचारलंत?"

तो काट्याकडे बघू लागला.

"आवडता तुम्ही मला," कस्तुरा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राग पण आला होता. "खोटं बोलून निघून गेला असतात तर मी आयुष्यभर तुमच्यावर चिडून राहिले असते. आता बाबा बोलणार नाहीत माझ्याशी... कळलं?"

"कळलं," तो म्हणाला, आणि त्यानं तिचा हात घट्ट धरला. "मी त्या पहिल्या सकाळपासूनच... पण मला तुमच्यासारखं बोलता येत नाही."

दाराशी चाहूल लागली. हात सुटले. कोंडीराम घामाघूम, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. कोपऱ्यात किल्ली ठेवली, धापा टाकत स्टुलावर बसले. इतक्या दिवसांत त्यांनी त्या पोराला मशीनपलीकडचं एक अक्षर विचारलं नव्हतं.

"भीमराज," ते म्हणाले, "तुझ्या घरचं कोन हाय रे... बोलनी करायला?"