मातीला चष्मा

पंख आहेत का?

नाहीत. निदान साध्या डोळ्यांना तरी दिसत नव्हते.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर काचा घासायची. त्या दुपारी समोर जो गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला, त्याच्या हातात मोडकी फ्रेम नव्हती. मातीची बरणी होती.

"चष्मा नकोय. तुमचं ते भिंग... पाचच मिनिटं दिलंत तर—"

"मातीला नंबर लागलाय का?" गल्ल्यावरून काकांनी विचारलं. दुकान काकांचं, त्यामुळे विनोदही काकांचेच. पुतणीने फक्त काचा घासायच्या.

तो ओशाळला, पण हलला नाही. लोकांना गाडी चालवायला शिकवायचा तो. त्याचे बाबा नुकतेच त्याच्याकडे राहायला आले होते; सोबत एक बॅग आणि गॅलरी भरेल इतक्या कुंड्या. आता त्या मातीत बारीक पांढरं काहीतरी वळवळत होतं. रविवारी ताई तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती आणि तिने बजावलं होतं – किडे कसले ते शोध, नाहीतर कुंड्या बाहेर.

"आणि बाबा काय म्हणतात?"

"काही नाही. हल्ली ते फक्त कुंड्यांशीच बोलतात."

तिने बरणी स्वतःकडे ओढली.

हलतात का?

"हा! हा बघा!" दुसऱ्या दिवशी तो भिंगाला डोळा लावून ओरडला. "काळा, वाकडा... केवढा लांब आहे! हलतोय!"

तिने पाहिलं. काळं काहीच नव्हतं.

त्याने पाहिलं. "आहे की!"

तिने मग भिंगात नाही, त्याच्याकडे पाहिलं. डोळा काचेला अगदी चिकटवून बसला होता.

"डोळा मिचकावला की हलतो?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"पापणी आहे ती. तुमचीच."

"...एवढी लांब?"

"लांबच आहे," ती बोलून गेली, आणि मग उगाचच एक स्वच्छ काच पुन्हा पुसत बसली. गल्ल्यावर काकांना खोकला आला.

तो गेल्यावर तिने चमचाभर माती पाण्यात सोडली. पांढरे ठिपके वर तरंगले. ब्रशचं टोक लावलं, तर टुणकन उडी! पोटाखाली दुमडलेला इवलासा चिमटा, तो झटकला की किडा हवेत. घरी जाऊन तिने चित्रं पडताळली. स्प्रिंगटेल. कुजलेली पानं आणि बुरशी खातात, ओल्या मातीत राहतात, झाडाच्या वाटेला जात नाहीत.

चावतात का?

नाही.

पण तिने त्याला काय सांगितलं? "अजून नक्की नाही. उद्या ताजी माती आणा."

(आणली. दुपारचा चहाही आणला. काकांना साखर कमी, हेही लक्षात ठेवून.)

मग शुक्रवारी तो बरणी न घेताच आला.

"आज संध्याकाळी कुंड्या घराबाहेर काढून खाली नेऊन ठेवतोय. बाबांना सांगितलं. 'बरं' म्हणाले."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं. आणि अर्धवट जेवून उठले."

तिचा हात थांबला. सांगितलं तर उद्यापासून हा येणार नाही. नाही सांगितलं तर...

"कुंड्या बाहेर काढू नका," ती म्हणाली. "ते किडे काही करत नाहीत. मला आधीच कळलं होतं."

त्याचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. सवयीचा ब्रेक.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही आला असतात?"

काकांना अचानक दुकानाची पाटी पुसायची आठवण झाली. ते फडकं घेऊन बाहेर पडले.

"बाबांना एवढं लागेल हे माहीत नव्हतं मला," ती हळूच म्हणाली. "चुकलंच माझं... माती फार ओली असते तुमची. पाणी कोण घालतं?"

"मी. सकाळी."

"आणखी कोण?"

मग त्याने तिथूनच फोन लावला. "बाबा, कुंड्यांना पाणी घालता तुम्ही?"

"संध्याकाळी घालतो," फोनमधून मोठा, जरा घाबरलेला आवाज आला. "तू कामात असतोस रे... विसरशील म्हणून."

"मीही घालतो, बाबा. म्हणून झाले किडे. साधे आहेत. कुंड्या कुठेही जाणार नाहीत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग – "कोणी सांगितलं?"

"आहे एक." त्याने तिच्याकडे पाहिलं. राग डोळ्यांत होता अजून, पण टिकत नव्हता. "रविवारी घरी येणार आहे. तेव्हा भेटा."

"मी कधी म्हटलं येते?"

"म्हटलं नाहीत. विचारायचंच राहिलं." त्याने फोन कानापासून दूर धरला. "आता किड्यांचं निमित्तही नाही. काहीच कारण नाही... तरी याल?"

"कारण नसेल," ती म्हणाली, "तरच येईन."

तो फोन कानाला लावायचाही विसरला.

"अरे," फोनमधून बाबा ओरडले, "हो म्हणाली ना ती?"