फळीचं दुसरं टोक

ही गोष्ट माझ्या घरात घडली आहे. ऐकीव नाही. त्यामुळे तिच्यात मीठमसाला कमी आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

साल १९५५. चैत्र महिना. गाव रोहणा, तालुका आर्वी.

आणि वेळ दुपारची. भुतं रात्री येतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी रोहण्याची चैत्रातली दुपार पाहिलेली नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

मी नागपूरला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो आणि इथल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनाच्या काट्यावर लागलो. तत्त्वज्ञानाला एवढी मागणी असेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण काम मन लावून केलं. बारा वर्षांत माझ्या हाताला अशी सवय लागली की वस्तू नुसती उचलून मी वजन सांगत असे. अर्ध्या शेराचाही फरक पडत नसे.

याच गोष्टीचा मला गर्व होता.

आमचं भाड्याचं घर. मागे मोठं आवार. आधीच्या भाडेकरूबाई तिथं बालवाडी चालवत. त्या गेल्या, खेळायचं सामान राहिलं. एक झोका, एक पत्र्याची घसरगुंडी आणि बाभळीच्या खुंटावर बसवलेली एक लांब फळी. दोन टोकांना दोन पोरं बसतात, एक वर जातं, एक खाली येतं... तसली.

आम्हाला एकच मुलगी. जिजा, पाच वर्षांची. शेजारी लहान मूल नाही. फळीवर एकट्यानं खेळता येत नाही म्हणून ती रडायची.

मग मी काटेवाल्याच्या डोक्यानं उपाय काढला.

जिजाला जिनिंगच्या मोठ्या काट्यावर नेलं. आधी धडा केला, म्हणजे रिकामी पारडी दगड ठेवून बरोबरीत आणली. मग तिला बसवलं. सतरा शेर. तेवढीच सरकी पोत्यात भरली, शेवटची मूठ चिमटीचिमटीनं टाकली. काटा हलायचा थांबला. ते पोतं फळीच्या दुसऱ्या टोकाला सुतळीनं बांधलं.

जिजा पायानं जरा रेटा द्यायची, वर जायची. पोतं खाली. मग पोतं वर, ती खाली. कर्र... कर्र... दुपारभर.

ती पोत्याशी बोलायची. "आता तुहा डाव... आता माहा."

विमल, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, पोरगी पोत्यासंगं बोलून राह्यली."

"तू माझ्याशी बोलतेसच ना," मी म्हणालो.

मार्गशीर्षात विमलच्या भावानं गाय दिली. गाय आली म्हणजे गोठा आला. विमल कंबर कसून आवार मोकळं करायला लागली. टाकून काहीच दिलं नाही. घसरगुंडीचा पत्रा गोठ्यावर गेला. झोक्याच्या दोरानं गाय बांधली.

आणि पोत्यातली सरकी गायीला घातली. आठ दिवसांत पोतं संपलं.

फळी तेवढी राहिली.

चैत्रातली ती दुपार. मी जेवायला घरी आलो होतो. ताटावर बसलो आणि मागून आवाज आला.

कर्र...

मग काहीच नाही.

कर्र...

मी घास खाली ठेवला. पोतं तर नव्हतं.

मागच्या दारात गेलो. जिजा फळीवर बसली होती. तिचं टोक वर होतं. पाय हवेत लोंबत होते.

दुसरं टोक जमिनीला टेकलेलं.

त्यावर कोणी नव्हतं.

मी जवळ गेलो. जिजाचं टोक खाली दाबून पाहिलं. हललं नाही. मग दुसऱ्या टोकाशी जाऊन ते उचलायला लागलो...

"बाबा, तिले उठवू नका," वरून जिजा म्हणाली. "तिचा डाव हाये."

माझे हात आपोआप सुटले.

थोड्या वेळानं जिजा सावकाश खाली आली. दुसरं टोक तितक्याच सावकाश वर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुनाजीला बोलावलं. पुनाजी जिनिंगमधला हमाल. वयानं माझ्याहून मोठा, बोलणं कमी. कुदळ खांद्यावर टाकून त्यानं फळीभोवती एक फेरी मारली.

"बाबूजी, त्या टोकावर काय ठेवलं व्हतं?"

"सरकीचं पोतं. पोरीच्या वजनाचं."

"अंदाजानं?"

"अंदाजानं कशाला? धडा करून. चिमटीचा फरक नाही."

पुनाजीनं कुदळ खाली ठेवली.

"मूठभर कमी ठेवाचं व्हतं, बाबूजी. जित्या माणसाच्या बरोबरीचं वजन आमच्या घरी कोनी काढून ठेवत नाई."

"काऊन?"

"आता काऊन ते मले काय मालूम. बुढे लोक नाई ठेवत."

तत्त्वज्ञानाच्या पदवीत या प्रश्नाची सोय नव्हती. मी म्हणालो, "काढ."

त्यानं फळी उतरवली. खुंट खणून काढला. खड्डा बुजवला. विमलनं तिथं शेणसडा घातला. आवार एकदम मोठं वाटायला लागलं. विमल खूश झाली, तिथं मिरच्या वाळवायचं ठरलंसुद्धा.

जिजा रडली नाही. बुजवलेल्या खड्ड्याशी उभी राहिली आणि तिनं मला विचारलं,

"बाबा, थे पोरगी कुठी बसन आता?"



त्या दुपारी जिजा जमिनीवरच झोपली. विमल तिला उचलून खाटेवर ठेवायला गेली.

"अहो... जरा इकडे या. मले पोरगी उचलत नाई."

मी वाकलो. दोन्ही हात जिजाच्या खाली घातले.

कंबर धरली माझी.

हातांना लगेच कळलं. हातांना तेवढंच कळतं. पण मी विश्वास ठेवला नाही. तिला बैलबंडीत घालून जिनिंगमध्ये नेलं. पुनाजीनं आणि मी मिळून तिला काट्यावर ठेवलं. तीनदा धडा केला. तीनदा वजन केलं.

चौतीस शेर.

अंगानं पोरगी होती तेवढीच. तोच झगा, त्याच बांगड्या. आर्वीच्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि भूक लागायचं औषध दिलं. मी म्हणालो, "वजन करून पाहता का?" ते म्हणाले, "दिसतंय की. थोडी अशक्तच आहे."

जिजा खात होती, हसत होती, चालत होती. फक्त सारवलेल्या अंगणात तिची पावलं खोल उमटायची. एकाच पोरीची पावलं... पण खोल.

रात्री विमल रडायची. नवस बोलायची. मला म्हणायची, "तुमी शिकलेले आहा ना, काही करा ना." मी शिकलेला होतो, त्यामुळे मला काहीच करता येत नव्हतं.

शेवटी मी फळी परत लावली.

विमल नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. पुनाजीनं खुंट त्याच खड्ड्यात ठोकला. मी नव्या पोत्यात पुन्हा सतरा शेर सरकी भरली आणि दुसऱ्या टोकाला बांधली. पुनाजीनं आठवण केल्यावर त्यातली एक मूठ काढून टाकली. वाटलं, जी कोणी आहे तिला तिची जागा मिळाली की ती उठून जाईल.

जिजा आपल्या टोकावर बसली. तिचं टोक धाडकन खाली गेलं. पोतं वर. आणि तसंच राहिलं.

"तिले म्हण, तिकडं बस," मी जिजाला म्हणालो. स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही.

"नाई म्हणते. तिकडं पोतं हाये." जिजानं बाजूला कान दिला. मग म्हणाली, "थे म्हणते, तूच सरक."

मी तिला फळीवरून ओढून काढलं. कशीबशी. पोतं दाणकन खाली आपटलं.

असे दहा दिवस गेले. रोज दुपारी ती फळीवर जाऊन बसायची. रोज आम्ही दोघं मिळून तिला उचलून आणायचो.

अकराव्या दिवशी मी जेवायला आलो तर दारातच विमल उभी. कडेवर जिजा. कडेवर.

"पाहा," विमल म्हणाली. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "आज सकाळीच जाऊन बसली, मग फळीवरून आपल्या पायानं आली. पयल्यासारखी झाली माही बाई. घ्या, घेऊन पाहा."

मी जिजाला घेतलं.

सतरा शेर. चिमटीचा फरक नाही.

मी तिला छातीशी धरलं. विमल देवापुढं साखर ठेवायला आत गेली. मी सुटलो होतो. बहुतेक रडतही होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला.

कर्र...

मी जिजाला घेऊन मागच्या दारात गेलो.

आवारात ऊन. कोणी नाही. फळीच्या त्या टोकाला पोतं बांधलेलं होतं, मी माझ्या हातानं भरलेलं.

पोतं वर होतं. अधांतरी.

जिजाचं टोक खाली होतं.

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या कडेवरची मुलगी फळीकडे पाहत नव्हती. तिनं माझ्या मानेभोवती हात टाकले आणि कानाशी तोंड आणून म्हणाली,

"बाबा, थे सामान काढून टाका आता."

याला दोन वर्षं झाली. मुलगी शाळेत जाते. हुशार आहे. वजन वयाप्रमाणं वाढतं आहे. विमलला तिच्यात काही वेगळं दिसत नाही. मी विचारलेलंही नाही. काय विचारणार, आणि विचारून विमलचं काय करणार?

आवाराचं मात्र रोज भांडण आहे. विमलला तिथं दुसरी गाय बांधायची आहे. "एवढी जागा काऊन अडवून ठेवली?" ती म्हणते. मुलगी तिच्या बाजूनं असते. पुनाजी दोनदा कुदळ घेऊन आला आणि माझ्याकडे पाहून परत गेला.

मी फळीला कोणाला हात लावू दिलेला नाही.

दुपारी जेवण झालं की मी तिथं जाऊन बसतो, जिजाच्या टोकाजवळ. कधी ते वर जातं, कधी खाली येतं. मी पोत्यात रोज थोडी सरकी वाढवून पाहतो, थोडी काढून पाहतो. बरोबर वजन कोणतं ते आता मला सांगता येत नाही.

एकदा हळूच हाक मारली. "जिजा..."

घरातून उत्तर आलं, "काय हो बाबा?"

फळी थांबली होती.

त्यानंतर मी हाक मारलेली नाही.