मनगटावरची रेघ

उत्तर ग्रीसमधल्या त्या बंदराच्या गावी डॉक्टर पोलिक्सेनी हाडांवरून वय सांगायची. त्यात कुणाला नवल वाटत नसे. बोटीतून कागदपत्रांशिवाय उतरलेल्या पोरांचे पंजे क्ष-किरणांखाली तपासण्यात तिची दहा वर्षं गेली होती. मनगटाजवळ काळी रेघ दिसली की हाड अजून वाढतंय. रेघ बुजली की वाढ संपली.

अशाच एका बोटीतून आलेल्या आणि आता पोलिसांनी पकडलेल्या सोरायाची रेघ स्वच्छ दिसत होती. चौदा, फार तर पंधरा. ती स्टाथिस बेकरीवाल्याची पावाची टोपली घरोघर पोचवायची आणि तीळ लावलेल्या कड्यासारख्या गोल पावांखाली हेरॉइनच्या पुड्या असायच्या. पोरगी अल्पवयीन ठरली, तर लेकराला या धंद्यात ओढलं म्हणून स्टाथिसचा उरलेला सारा जन्म तुरुंगात जाणार होता. सज्ञान ठरली, तर त्याला थोडकी वर्षं. आणि सोरायाची रवानगी बायकांच्या तुरुंगात.

दुपारी स्टाथिसची बायको अस्पासिया दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या नवऱ्यानं ज्या हातांनी तुझ्या लेकीला, म्यर्तोला बाप्तिस्म्याचं तेल चोळलं, त्यांनाच बेड्या ठोकतेस होय गं?"

"कायदा मी केलेला नाही, अस्पासिया."

"वय तर तूच लिहिणार ना! आणि त्या पोरीसाठी रडायला इथं आहे तरी कोण?"

खरंच कोणी नव्हतं. पोलिक्सेनीनं लिहिलं: अठरा पूर्ण. लेकीच्या धर्मपित्याला जन्मभर तुरुंगात धाडवत नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली. खरं तर सोपं होतं म्हणून लिहिलं, तेही छान वळणदार अक्षरात.

खटल्याच्या आदल्या दिवशी तिनं सोरायाच्या फिल्मची आपल्याकडची प्रत दिव्यासमोर धरली. रेघ रुंदावली होती. अकरा वर्षांच्या पोरीची असते तेवढी. नंबर तोच, तारीख तीच. डोळे शिणलेत, असं म्हणून तिनं चष्मा पुसला.

न्यायालयात सरकारी वकिलानं फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पोलिक्सेनीला पाच वर्षांच्या मुलीचा पंजा दिसला. वकिलानं फिल्म खाली ठेवून अहवाल वाचला.

"अठराच ना, डॉक्टर?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

खरं बोलायला तेव्हाही वेळ होता.

"अठरा."

सोराया दुभाष्याच्या कानाशी काहीतरी बोलली. तो घुटमळला. "ती विचारतेय, वरची वर्षं कुणाची आहेत?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. स्टाथिसला सहा वर्षांची शिक्षा झाली, सोरायाला चार.

दर ईस्टरला स्टाथिस म्यर्तोला तिच्या उंचीएवढी मेणबत्ती द्यायचा. यंदा तुरुंगातून निरोप धाडून त्यानं ती अंदाजानं चार बोटं वाढवून करवून घेतली. बारा वर्षांची म्यर्तो शेजारी उभी राहिली आणि कमी पडली. गेल्या ईस्टरची मेणबत्ती मात्र तंतोतंत जुळली.

दुसऱ्या दिवशी ती सायकलवरून पडली. मनगट सुजलं. पोलिक्सेनीनं स्वतः फिल्म काढली.

हाड मोडलं नव्हतं.

रेघही नव्हती.

अठरा पूर्ण.

तिनं खणातून सोरायाची प्रत काढून शेजारी लावली. बोटांची इवली हाडं तेवढी होती. मनगटाच्या जागी नुसता काळोख, तान्ह्या बाळाला असतो तसा.

"मम्मा, काही मोडलंय का?"

"नाही गं, राणी."

"मग पुढच्या ईस्टरपर्यंत होईन ना मी मेणबत्तीएवढी?"