मावशीच्या नावाची ओ

हे माझ्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही.

रात्र नव्हती, भर दुपार होती. गेल्या महिन्यातला दुसरा मंगळवार. जागा, बेटावरच्या शहरातला जुना छपराचा बाजार.

मी शाळेत भूगोल शिकवते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. ‘नव्हता’ लिहितेय, हे लक्षात घ्या.

त्या बाजारात मावशीचा अंड्यांचा गाळा. आई गेल्यावर मावशीनेच मला लहानाचं मोठं केलं. आता तिची नजर अधू झालेली, घरी ती एकटी. म्हणून तिला कायमची माझ्याकडे न्यायला मी गेले होते. तीनची बोट होती.

गाळ्यात एक पत्र्याचा डबा होता. आत विजेचा दिवा, पुढे भोक. भोकाशी अंडं धरलं की आतलं दिसतं. शेवटचा दिवस, तरी मावशी एकेक अंडं पारखूनच ठेवत होती.

"पन्नाशीला आलीस, पण तुला नासकं अंडं ओळखता येत नाही. पोरांना काय शिकवतेस कोण जाणे," ती म्हणाली.

बाजार दुपारी एकला दोन तास बंद होतो. पहारेकरी दारातला मेन स्विच पाडतो आणि बाहेर उभा राहून एकेका गाळ्याला हाक मारतो. गाळेवाल्याने बाहेरून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की कुलूप.

ज्याची ओ त्यानेच द्यायची, हे मावशीने मला लहानपणी शंभरदा बजावलं होतं. नाहीतर देणाऱ्याची ओ आतच राहते, म्हणायची. म्हणजे काय, ते मी कधी विचारलं नाही.

"तू बॅग घेऊन पुढे हो. मी आलेच," मावशी म्हणाली.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. हाका संपत आल्या होत्या.

"अंडीवाली..."

मावशी अजून बाहेर आली नव्हती.

"अंडीवाली..."

घामाघूम झालेले लोक माझ्याकडे बघायला लागले. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. तेवढ्यात पाठीमागे चपला वाजल्या. एक टाच फरफटत टाकणारी चाल... मावशीचीच.

मी न वळताच म्हटलं, "ओ."

कुलूप लागलं. लोक पांगले.

मी वळले...

मागे कोणीच नव्हतं.

मी धावत पहारेकऱ्याला गाठलं. "काका, मावशी आतच राहिली."

"मग ओ कोणी दिली?"

"मी."

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने नुसतं कुलूप काढलं. उंबऱ्याच्या आत मात्र त्याने पाऊल टाकलं नाही.

आत काळोख. झाकलेले गाळे. कुठेतरी नळ ठिबकत होता.

"मावशी..."

नळ थांबला.

मग अंड्यांच्या गल्लीतून उत्तर आलं. "ओ."

आवाज मावशीचा नव्हता. ओळखीचा होता, पण कोणाचा ते कळेना. छप्पर उंच आहे, घुमला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि चालत राहिले.

गल्लीच्या टोकाला उजेड दिसला. मावशीचा दिवा लागलेला होता...

मेन स्विच तर बंद होता.

मावशी डब्यापाशी अंडं धरून बसली होती. शेजारच्या रिकाम्या स्टुलाशी बोलत होती, हसत होती. मी समोर उभी राहिले तेव्हा तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

मग स्टुलाकडे वळून हळूच विचारलं, "ही कोण गं?"

मी तिचा हात धरला. "मावशी, मी. तुझी भाची."

"माझी भाची ही काय, इथे बसलीय," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

मी स्टुलावर हात ठेवला. लाकूड कोमट होतं, नुकतंच कोणी उठल्यासारखं.

तिला बाहेर आणलं, पण ती बोटीत चढायला तयार होईना. मला अहो-जाहो करत होती. "तुम्ही जा बाई घरी. मला सोबत आहे."

मी आठ दिवस थांबले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, विसर पडतो. मीही तेच धरून बसले. शेजारणीला मावशीकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि शाळेसाठी परत आले.

मावशीचं घर एका खोलीचं. शेजारीण म्हणते, तिथे दुसरं कोणी राहत नाही.

मी रोज संध्याकाळी फोन करते. फोन उचलला जातो. मी म्हणते, "मावशी?"

"ओ," पलीकडून उत्तर येतं. आता आवाज कोणाचा ते मला कळतं. माझाच आहे.

काल मी रडत म्हटलं, "मावशीला फोन दे. एकदा तरी दे."

मग माझ्याच आवाजात, मी मावशीशी बोलते तितक्याच मायेने...

"झोपलीय ती. मी आहे ना तिच्याजवळ."