यंदा कोरू नका, बाबा

“दोब्रिला, त्या ओकखाली पडलेली काटकीसुद्धा घरी आणायची नाही. ते झाड आपलं नाही, देवाचं आहे.”

आईचं हे सांगणं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी संध्याकाळी मेणबत्ती घेऊन टेकडी चढायला लागले की पहिल्याच वळणावर तिचा आवाज भेटायचा. आमच्या दुबोवो गावाचं चर्च खाली, दूर दरीत. पण हा ओक आमच्या डोक्यावर. त्याच्या खोडावर क्रूस कोरलेला. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी सगळं गाव मिरवणुकीनं तिथं जातं, आणि त्या वर्षीचा यजमान सुरीनं तोच क्रूस पुन्हा ताजा करतो. गारांपासून पिकं राखावीत म्हणून गावानं कधीकाळी केलेला नवस आहे हा. यंदा यजमानपण आमच्या घरी होतं, माझ्या बाबांकडे.

आणि त्या संध्याकाळी पाहते तर काय – देवाच्या झाडावर माणूस लटकलेला!

दोराला. मजेत झोके घेत.

“अहो! उतरा खाली!”

“कोण, मी?”

“नाही, ती खार! त्या झाडावर कुणी चढत नाही.”

“खार चढते की.”

“खारीला पाप लागत नाही.”

“मग मला खारच समजा ना...”

मी ओठ दाबून धरले. हसू आलं होतं, आणि त्या जागी हसायची सवय नव्हती. तेवढ्यात बुंध्याशी नजर गेली. त्याचे बूट तिथं शेजारी शेजारी ठेवलेले होते, नाड्या आत खोचून. कुणाच्या घरात शिरताना काढावेत तसे.

तो घसरत खाली आला. केसांत पानं, हनुवटीवर शेवाळाचा हिरवा पट्टा. नाव वेल्को. जिल्ह्यातल्या जुन्या झाडांची तब्येत बघत गावोगाव फिरायचा.

“देव मानता?” मी सरळच विचारलं.

“नाही.”

“मग बूट का काढले?”

तो जरा गोंधळला. मग हळूच म्हणाला, “आत आलो ना... म्हणून.”

त्या उत्तरानं माझी झोप उडवली.

दुसऱ्या संध्याकाळी मी मेणबत्ती नेली, तर तो खोडाला कान लावून उभा. “या, ऐका.” मीही कान लावला. आधी काहीच नाही... मग कुठूनतरी खोलातून बारीक कुरकुर, वर वाऱ्याचा घुमार, आणि मध्येच पिंगळ्याच्या पिल्लांची कुजबुज. एवढी वर्षं मी या झाडापुढे बोलत आले होते. ऐकलं मात्र पहिल्यांदाच.

“हे जो श्वास सोडतं तो मी घेतो,” तो म्हणाला, “आणि मी सोडतो तो हे घेतं. रोज सकाळी एवढं आठवलं की गुडघ्यांतलं बळच जातं.”

“मग टेकावेत गुडघे.”

“टेकतो की. समोर कुणी नसतं, एवढंच.”

“मग आभार कुणाचे मानता?”

“पत्ता नाही माहीत.”

“पत्त्याशिवाय पोचतात का कुठं?”

“पोचतात की नाही कुणास ठाऊक. पण मानल्याशिवाय राहवत नाही!”

अशा आमच्या संध्याकाळी. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, “तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?” तो वाकून माझी विझलेली मेणबत्ती पेटवत होता. वर न बघता म्हणाला, “जरा मोठ्यानं कर. वर नाही पोचली तरी मला ऐकू येईल.” मेणबत्ती पेटली. माझे कानही.

पण झाड आजारी होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी कोरून सालीची जखम भरायलाच सवड मिळाली नव्हती. पाणी मुरून आत कूज शिरली होती. हे सांगायला वेल्को आमच्या घरी आला. बाबांनी रिवाजाप्रमाणे राकियाची, फळांच्या घरगुती दारूची, बाटली काढली, पेला भरला, सगळं ऐकून घेतलं.

“आमच्या आज्यापणज्यांनी कोरलं. तेव्हा नाही मेलं ते.”

“तेव्हा ते तरुण होतं, काका.”

“तू प्रार्थना करतोस का रे, पोरा?”

मी दाराआड उभी होते. रोज दोन वेळ खरेपणा मागणारी मी, त्या क्षणी देवाकडे मागत होते – हा खोटं बोलू दे.

“नाही, काका.”

बाबांनी बाटलीला बूच लावलं. तो गेल्यावर मला म्हणाले, “दर बुधवार-शुक्रवार उपास करणारी माझी पोर. तिनं त्याच्या चुलीवर काय शिजवायचं? पुन्हा त्याला भेटायचं नाही.”

मी भेटले. एकदाच. “एक खोटं ‘हो’ म्हटला असतास तर...”

“तर ज्याला तू घरात घेतलं असतंस, तो मी नसतो.”

“गुरुवारी चारचौघांत काही बोलू नकोस, वेल्को. बाबांचा मान आहे.”

तो खोडाकडे बघत राहिला. “नाही बोलणार. तुझ्यासाठी.”

गुरुवार उजाडला. पोरांच्या हातात झेंडे, पोरींच्या डोक्यावर फुलांची कडी, पुढे आमच्या चर्चचे पाद्री, पोप सावा, धुपाटणं हलवत. माझ्या हातात वाइनचा कलश. गर्दीच्या पार टोकाला वेल्को, टोपी हातात घेऊन. प्रार्थना झाली. बाबांनी सुरी उघडली. वेल्कोनं मान खाली घातली. दिलेला शब्द पाळत होता तो... आणि त्याच्या हातातल्या टोपीचा पार बोळा झाला होता.

“यंदा कोरू नका, बाबा.”

आवाज माझाच होता. इतका हळू, की पुढच्या रांगेनंच ऐकला. पण पुढची रांग गप्प झाली तशी मागचीही झाली.

“काय म्हणालीस?”

“नवस क्रूसाचा आहे, बाबा. जखमेचा नाही.”

“आणि गारा पडल्या म्हणजे?” शेजारच्या त्स्वेता काकू कडाडल्या. “सगळ्या गोळा करून तुझ्याच दारात ओतीन हो, दोब्रिला!”

कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. पण सुरी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा तळवा क्रूसावर ठेवला. बोटं आत गेली... पेरांपर्यंत आत गेली. बाहेर आली तेव्हा त्यांवर ओला, तपकिरी भुसा. आजवर यजमानांनी तिथं सुरीच लावली होती, हात कुणीच नाही.

बाबा भुशाकडे बघत राहिले. मग त्यांनी पोप सावांकडे बघितलं. सावांनी मान डोलावली, “वाइननं काढ, मिलुतिन. देवाला दिसेल.”

बाबांनी सुरी मिटली. माझ्या कलशात बोट बुडवून जुन्या क्रूसावरून फिरवलं, आधी उभं, मग आडवं. “आभारी आहे,” असं पुटपुटले ते. कुणाला म्हणाले, ते मी विचारलं नाही.

माझे डोळे भरून आले. देवा, किती दिलंस एका सकाळी!

झाडाखालच्या पंगतीत वेल्को माझ्या शेजारी येऊन बसला.

“दोब्रिला... तुझ्या देवाचे आभार मला मानता येत नाहीत. तुझे मानू?”

“मान की.”

“रोज?”

“जमेल तेवढे दिवस...”

“मला सगळे जमतील.”

मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग तो म्हणाला, “एक वचन दे. उद्या पहाटे माझ्याबरोबर टेकडीवर ये. पाखरं जागी होतात तेव्हापासून ऊन येईपर्यंत नुसतं बसायचं. काही मागायचं नाही.”

“मागितल्याशिवाय मला प्रार्थनाच येत नाही रे.”

“म्हणून तर!”

मी वचन दिलं.

शुक्रवारी अंधारातच उठले. संतांच्या तसबिरीपुढचा दिवा लावला, हात जोडले. एरवी माझी मागणी ठरलेली असते – आईला शांती, बाबांच्या गुडघ्याला आराम, पिकाला राखण, आणि अलीकडे एक नाव. त्या दिवशी त्यातलं काहीच ओठांवर आणलं नाही. नुसतं ‘आभारी आहे’ म्हटलं आणि रुमाल बांधला.

“कुठं?” बाबांचा आवाज, पांघरुणातून.

“टेकडीवर.”

“तो आहे?”

“हो, बाबा.”

मी उंबऱ्याशीच थांबले. बाबा कुशीवर वळले, पलंग करकरला.

“फडताळात पाव आहे. दूध नाही त्यात, तुझ्या उपासाला चालेल. त्यालाही दे. काल पंगतीत घासभरसुद्धा खाल्लं नाही त्यानं, सारखा तुझ्याकडेच बघत होता.”

मी पाव फडक्यात बांधला, दार अलगद ओढून घेतलं, आणि दवानं भिजलेल्या गवतातून निघाले.