बिरदेव लवटेला परत घेण्याबाबत

"सत्य हे सूर्यासारखं असतं. ते झाकून राहत नाही. आज, या क्षणी, या कराडच्या भूमीवर, अखिल मानवजातीच्या इतिहासातला सर्वांत प्रखर सूर्य उगवतो आहे!" असे म्हणून तात्यासाहेबांनी रेशमी पडदा ओढला. पडद्याखालून पाण्याचा कूलर निघाला.

यंत्र शेजारच्या टेबलावर होते. ते जेवणाच्या डब्याएवढे असल्यामुळे झाकण्याच्या लायकीचे कुणालाच वाटले नव्हते. टाळ्या सुरू झाल्याच होत्या, त्या तशाच पूर्ण करण्यात आल्या.

यंत्राचे नाव त्वचावाचक. काचेवर तळहात ठेवायचा, की त्वचेवर नांदणाऱ्या तमाम सूक्ष्मजंतूंची जनगणना घटकाभरात होते आणि त्यांत कुणी कारखान्यात घडवलेला घुसखोर असेल तर लाल दिवा लागतो. नसेल तर हिरवा. डॉ. मंजिरी केसकर यांनी ते आपल्या प्रयोगशाळेत बनवले होते आणि कबड्डी महासंघाने ते सन २०६१च्या हंगामासाठी सक्तीचे केले होते.

'कराड संगम' संघाचे प्रशिक्षक हिंदुराव चोपडे यांचे या सगळ्याकडे लक्ष नव्हते. त्यांचे लक्ष प्रयोगशाळेच्या काचेच्या दारापलीकडे होते. तिथे बाकावर बिरदेव लवटे बसला होता. गुडघे जवळ, हात मांडीवर, शेजारी कापडी पिशवी. दोन वर्षांपूर्वी देशातला सर्वांत वेगवान चढाईपटू. मग उत्तेजक घेतल्याबद्दल पकडला गेला. मग दोन वर्षांची बंदी. बंदी काल संपली होती. खेळाडूंच्या नोंदणीची मुदत आज संध्याकाळी संपत होती. त्याला घ्यायचे की नाही, हे हिंदुरावांनी तोवर सांगायचे होते, आणि नाही म्हटले तर तिशीला टेकलेल्या चढाईपटूला पुढच्या वर्षी कोण विचारणार होते?

हिंदुरावांना सकाळी वाटत होते, घ्यावा. दुपारी वाटले, घेऊ नये. जेवणानंतर पुन्हा घ्यावासा वाटला, पण तो बहुधा जेवणाचा परिणाम असावा.

"सर, स्पष्ट बोलतो," कर्णधार सर्जेराव थोरवडे म्हणाला. "तो आत आला तर मी हात मिळवणार नाही. त्याच्यापायी आमच्या सगळ्यांच्या अंगाला डाग लागला. त्याच्याशिवाय आम्ही दोन करंडक आणले. स्वच्छ अंगानं आणले."

"शिक्षा भोगली की संपली, सर्जा. चोर तुरुंगातनं सुटला की आपण त्याला गावात येऊ देतोच ना?"

"येऊ देतो. तिजोरीपाशी बसवत नाही."

हिंदुरावांना हे पटले. मघाशी स्वतःचेही पटले होते. हीच तर अडचण होती.

तात्यासाहेब, म्हणजे संघाचे अध्यक्ष आणि महासंघाच्या नियम समितीचेही अध्यक्ष, यांनी तोडगा काढला. "आधी आपला सगळा संघ यंत्रावर हात ठेवील. बारा हिरवे दिवे लागतील. मग त्याला बोलवा. लोकांना फरक दिसू दे. नियम मीच लिहिलाय, ऐका: 'अंगावर सापडलं की दोषी. कसं आलं, कुणी दिलं, ठाऊक होतं की नव्हतं, हे विचारायचं नाही.' बिऱ्याच्या प्रकरणानंतर मुद्दाम घट्ट केलाय. मुंगी शिरणार नाही."

सर्जेरावाने छाती काढून काचेवर तळहात ठेवला. लाल दिवा लागला.

"हात पुसा," तात्यासाहेब म्हणाले. हात पुसला. लाल. दुसरा हात ठेवला. लाल. मग दुसरा खेळाडू आला, तिसरा आला. बाराही जणांचे बारा लाल दिवे लागले. हिंदुरावांनी हात ठेवला, लाल. शेवटी, यंत्र बिघडले आहे हे सिद्ध करण्यासाठी खुद्द तात्यासाहेबांनी हात ठेवला, आणि यंत्राने त्यांच्या वयाचा आणि पदाचा कसलाही मुलाहिजा ठेवला नाही.

"यंत्र बिघडलंय," तात्यासाहेब म्हणाले.

महासंघाचे तपासणी अधिकारी डॉ. फैयाज मुजावर यांनी आपला हात ठेवला. हिरवा. डॉ. केसकरांनी ठेवला. हिरवा. मग कुणीतरी दार उघडून बिरदेवला आत बोलावले. त्याला कुणी बस म्हटले नाही, कुणी हात पुढे केला नाही. सर्जेरावाने तर मान फिरवली. बिरदेवने लांबूनच सगळ्यांना नमस्कार केला आणि काचेवर हात ठेवला.

हिरवा.

डॉ. केसकरांनी यंत्राला जोडलेला स्क्रीन स्वतःकडे वळवला.

"फैयाजभाई," डॉ. केसकर स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "हा बलजंतू आहे. याच्याच मलमाचं ते प्रकरण होतं ना?"

"हो. पण मॅडम, मलम लवटेनं लावलं होतं. आमच्या जुन्या चाचणीत फक्त त्याच्याच लघवीत मलमाचा अंश सापडला. बाकीचे कोरे होते."

"मलमाचे कोरे होते. मलम म्हणजे नुसती गाडी. आत बसलेला प्रवासी जंतू होता, आणि तुमची चाचणी गाडी शोधत होती."

हिंदुराव मध्ये पडले. "मॅडम, मला जरा माणसाच्या भाषेत सांगा."

"आपल्या शरीरात स्नायूंना एक लगाम असतो, सर. स्नायू अमुक एका मापाच्या पुढे वाढू नयेत म्हणून. हा बलजंतू कातडीवर बसून असं एक द्रव्य पाझरतो, की तो लगाम ढिला पडतो. स्नायू वाढतात, दम वाढतो. तो जिवंत असल्यामुळे पुन्हा पुन्हा औषध घ्यावं लागत नाही. घामावर जगतो आणि स्पर्शानं पसरतो."

"म्हणजे बिऱ्याच्या अंगावरचा..."

"ज्यांनी ज्यांनी त्याला पकडलं, त्यांच्या अंगावर गेला. आणि चढाईपटूला पकडणं हाच तर तुमचा खेळ."

डॉ. मुजावर खाली बसले. "म्हणजे स्पर्धेतले आठही संघ. त्यांनी यांना पकडलं, यांनी त्यांना."

"पण मग त्याच्या अंगावर कसा नाही?" सर्जेराव ओरडला. "मूळ तर तोच!"

"कारण एकट्या माणसाच्या अंगावर हा टिकत नाही," डॉ. केसकर म्हणाल्या. "त्वचेवरचे मूळचे जंतू याला काही महिन्यांत हुसकून लावतात. टिकायला त्याला रोज दुसऱ्याच्या अंगावरून ताजी कुमक लागते. तुम्ही सरावानंतर काय करता?"

कराड संगमची रीत अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होती: सराव झाला की साऱ्यांनी गोल बसून एकमेकांची अंगे रगडायची, तेल एकाच परातीतले. हिंदुरावांच्या वस्तादांनी घालून दिलेली रीत. लहान-मोठा भेद राहत नाही, असे ते म्हणत. तात्यासाहेबही रविवारी येऊन गुडघे रगडून घेत.

"आणि तू रे?" हिंदुरावांनी विचारले. त्या दिवसातले त्यांचे बिरदेवशी हे पहिलेच बोलणे.

"मी मेंढ्यांमागं हुतो, सर," बिरदेव म्हणाला. "बंदीत संघाच्या माणसाला शिवायचं न्हाई, तालमीत पाय टाकायचा न्हाई, असं लिहून दिलं हुतं. मग गावात तरी कशाला ऱ्हायचं? लोक बघून थुकायचं. मेंढरं घिऊन माणदेशात गेलो. माणसाचा हात म्हणून लागला न्हाई दोन वरसं."

"मेंढ्या तपासा!" तात्यासाहेब म्हणाले.

"मेंढ्यांवर तो जगत नाही," डॉ. केसकर म्हणाल्या.

हिंदुरावांनी डोके धरले. त्यांना जे कळले ते असे होते: ज्याला शिक्षा झाली, त्याला शिक्षेनेच स्वच्छ केले. जे निर्दोष होते, त्यांना त्यांच्या एकोप्याने दूषित ठेवले. दोन करंडक स्वच्छ अंगाने जिंकले म्हणायचे, तर त्या अंगांवर जंतू होते ते याचेच. करंडक परत करायचे, तर ते घेणारे संघही तसेच दूषित. ज्याला संघात घ्यायचे की नाही म्हणून त्यांची आठवडाभर झोप उडाली होती, तो आता संघात घेण्याजोगा एकमेव माणूस उरला होता.

"आम्हाला ठाऊक नव्हतं!" सर्जेराव म्हणाला. "आम्ही काय केलं त्यात?"

"ते विचारायचं नाही, असं आहे नियमात," डॉ. मुजावर हळूच म्हणाले.

सगळ्यांनी तात्यासाहेबांकडे बघितले. पण तात्यासाहेबांचे राजकारणातले आयुष्य फुकट गेलेले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रेम पसरले.

"आपण एक चूक केली," ते म्हणाले. "पोरगं दोन वर्षांनी घरी आलं आणि आपण त्याला बसायलासुद्धा सांगितलं नाही. अरे, हार कुठंय? सर्जेराव, मिठी मार त्याला! सगळ्यांनी मारा!"

हिंदुरावांना आधी गहिवरून आले. मग कळले. मिठी मारली की कुमक पोचणार. पंधरवड्याने महासंघाची फेरतपासणी. तेव्हा बिरदेवचाही दिवा लाल होणार, आणि देशातले झाडून सगळेच खेळाडू लाल दिसले तर यंत्र मोडीत काढणे सोपे. अडचण होती ती खेळाडूंतल्या फक्त एका हिरव्या दिव्याची.

"बिऱ्या," सर्जेराव हात पसरून पुढे येत म्हणाला, "झालं गेलं विसर, भावा."

"लांबनं बोल, सर्जा." बिरदेव मागे सरला.

"आता का लांबनं? हेच पाहिजे होतं ना तुला?"

"व्हय, तवा पायजे हुतं. दुसऱ्यांदा घावलो तर जन्माची बंदी हाय मला."

बाराही जण पुढे झाले. कुणाच्या मनात खोट होती, कुणाच्या मनात खरेच प्रेम दाटले होते, आणि एकदोघांना नुसते काय चालले आहे तेच कळले नव्हते. प्रयोगशाळा तशी लांबट होती. मध्ये टेबल, पलीकडे दार. डॉ. केसकर यंत्र छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

हिंदुरावांनी त्याच्या शेकडो चढाया पाहिल्या होत्या, पण अशी नव्हती. नेहमी शिवायचे असते. इथे शिवून घ्यायचे नव्हते. डाव्या कोपऱ्यातून सर्जेराव पायात शिरला, तर बिरदेव टेबलावर हात टेकून वरून गेला. साखळी करून चौघे आले. तो कमरेत मोडला आणि साखळीखालून निघाला. लगाम सुटलेले स्नायू त्यांच्याकडे होते. याच्याकडे फक्त मेंढ्या वळवून आलेले पाय होते, आणि ते कधी कुठे वळतील याचा मेंढ्यांनाही अंदाज लागला नसता. तात्यासाहेब हार घेऊन मधोमध फिरत होते. तो हार शेवटी कूलरच्या गळ्यात पडला.

बिरदेव दारापाशी आला. दारात हिंदुराव उभे होते.

दोघे थबकले. हिंदुरावांनी नुसते हात पसरले असते तरी पुरे होते. याच पोराला त्यांनी जत्रेच्या मैदानातून उचलून आणले होते. याच पोराने त्यांना फसवले होते. दोन वर्षे त्यांनी मनातल्या मनात त्याच्या कानाखाली जाळ काढला होता, आणि तितक्याच वेळा त्याला पोटाशी धरले होते. यांतले काय करायचे ते अजून ठरले नव्हते, आणि आता दोन्ही करता येणार नव्हते.

"सर, मलम मीच लावलं हुतं," बिरदेव धापा टाकत म्हणाला. "जाणूनबुजून. पसरंल ह्ये ठाऊक न्हवतं. ह्यांचं मी वाटूळं केलं. ते येत्यात ते बराबर हाय. तुमी सांगाल तर थांबतो हितंच."

हिंदुरावांनी हात पाठीमागे बांधले, पाय दारात अडकवून दार उघडे धरले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले.

"नोंदणी केली तुझी," ते म्हणाले. "पळ."

पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. आठही संघ तपासले गेले. देशभर लालच लाल. नियमात मुंगी शिरायला जागा नसल्यामुळे माणसांना बाहेर पडायलाही जागा नव्हती. सर्व खेळाडूंना दोन वर्षांची बंदी झाली. हंगाम रद्द करावा, तर प्रक्षेपणाचे करार झालेले. म्हणून महासंघाने ठरवले, की ज्या संघात एक तरी पात्र खेळाडू आहे त्याने हजर राहावे, समोर कुणी नसले तरी एक चढाई करावी, आणि त्याला विजयी घोषित करावे. असा संघ एकच होता.

अंतिम सामना पुण्याच्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये झाला. गर्दी मावत नव्हती. बंदीतला सर्जेराव सर्वांत वरच्या रांगेत, आजूबाजूला कुणी नाही अशा ठिकाणी, नियमाप्रमाणे एकटा बसला होता. हिंदुराव अंगणापासून बऱ्याच अंतरावर, लाल दिवेवाल्यांसाठी आखलेल्या पिवळ्या रेषेच्या बाहेर उभे होते. पंचाने शिट्टी वाजवली. बिरदेव लवटे मध्यरेषा ओलांडून रिकाम्या अंगणात गेला, कबड्डी कबड्डी म्हणत डावा कोपरा, उजवा कोपरा पाहून आला, आणि दम न तोडता परतला. निवेदकाने त्याला या युगातला सर्वांत निष्कलंक विजेता म्हटले. तोफा उडाल्या, कागदाचे सोनेरी कपटे बराच वेळ पडत राहिले. करंडक द्यायला आलेल्या मंत्र्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मागे सरले, कारण विजेत्याला शिवायची कुणालाच परवानगी नव्हती.

हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी आले. ते आनंदाचे होते की कसले, हे त्यांना नक्की सांगता आले नसते. याचे स्वागत शेवटी झाले की राहूनच गेले? एवढ्यात बिरदेव पिवळ्या रेषेपर्यंत आला. त्याला काहीतरी बोलायचे होते. कॅमेरे वळले. ध्वनिक्षेपक पुढे आले.

"सर," बिरदेव म्हणाला, "पाठीत पार मधोमध खाजतंय. ती झेंड्याची काठी जरा लांबनं पुढं करता का?"